तीन गाई उलटल्यावर

मी घर सोडलं त्या सकाळी अण्णा मला पोचवायला वेळेवर आले नाहीत, कारण बाऱ्हाळीकडचा एक माणूस गाय घेऊन आमच्या दारात उभा होता. आमच्याकडे लाल कंधारी वळू असे. गाय माजावर आली की आसपासच्या गावांतले लोक तिला चालवत आमच्याकडे आणत, आणि घरची पोरगी हैदराबादला निघाली म्हणून गाईचा माज काही दुपारपर्यंत थांबत नाही. त्यामुळे मुखेडच्या स्टँडवर मी, माय आणि थोरला भाऊ बालाजीदादा असे तिघंच होतो. देगलूरची गाडी लागली, मी चढले, कंडक्टरने घंटी दिली, आणि तेवढ्यात अण्णा फाटकातून पळत आले. पायजम्याला शेण, हातात दावं तसंच. खिडकीशी येऊन धापा टाकत म्हणाले, "गाय फळंल बग. लई चांगला टाइम साधला." बाप लेकीला निरोप देताना जे काही बोलतो त्यात हे वाक्य सहसा नसतं. पण आमच्या घरात आनंदाची बातमी याच भाषेत यायची, त्यामुळे मला तो आशीर्वादच वाटला.

गावातून शिकायला बाहेर पडलेले तुम्ही बहुतेक सगळे पुण्याला गेलात. मी उलटी खाली उतरले. देगलूर सोडलं की थोड्याच वेळात पाट्यांवरची अक्षरं गोल होतात, चहाच्या टपरीवर "क्या होना?" असं विचारतात, आणि आपल्या गावातली म्हातारी माणसं जे उर्दू शब्द वापरायची ते सगळे तिकडे तरण्या पोरांच्या तोंडी ऐकू येतात. मला परक्या मुलखात आल्यासारखं वाटलंच नाही. लातूरला दोन वर्षं डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी घासून तिथून हात हलवत परत आले होते, तेव्हा मुखेडच्या बाजारात जास्त परकं वाटलं होतं. जो तो विचारायचा, "मंग किती कमी पडले?" हैदराबादेत हे विचारणारं कुणी नव्हतं.

मायनं बरोबर पाच गाठोडी दिली होती. माय शाळेत गेलेली नाही, पण तिची स्वतःची लिपी आहे, गाठींची. एक गाठ म्हणजे आधी खायचं, त्यात धपाटे. दोन गाठी म्हणजे धपाटे संपल्यावर, शेंगदाण्याची चटणी. तीन गाठींत कारळ्याची. चार गाठींत डिंकाचे लाडू, ते थंडी पडल्यावर. आणि पाच गाठींत येसर, आमच्याकडे लग्नाच्या आमटीला लागतं ते भाजक्या डाळी-मसाल्याचं पीठ, ते "लई आठवन आली तर". गाठोडी हातात देताना ती म्हणाली, "समदी एकदम सोडू नकोस बरं. मंग गरज पडंल तवा मोकळं फडकं बघत बसशील."

मी पहिल्याच रविवारी सगळी सोडली. होस्टेलच्या खोलीत वरंगलची, करीमनगरची अशा चौघी होत्या, त्यांच्याकडे पेरुगन्नमचा डबा, म्हणजे दहीभात. माझ्याकडे सबंध मराठवाडा. लाडू तर अर्ध्या तासात संपले. येसराला पाणी आणि चूल लागते, ते आम्ही बोटानं कोरडंच चाटलं. मग डिसेंबरात मला ताप आला, बाहेर न सोसणारी थंडी, आणि ट्रंकेत पाच स्वच्छ घडी घातलेली फडकी. त्या दिवशी मी मायच्या नावानं भोकाड पसरलं आणि करीमनगरच्या मुलीनं मला "नक्को रोना" म्हणत मिरीचं चारू, म्हणजे सार, पाजलं. ती अजून माझी मैत्रीण आहे आणि अजून लाडवांची आठवण काढते.

पुढे एम.एस्सी. झाली आणि एका प्रयोगशाळेत संशोधनाला जागा मिळाली. मी फळमाश्या पाळते. केळ्याच्या घडावर घोंगावतात त्या चिमुकल्या माश्या. त्यांना मक्याचं पीठ, यीस्ट आणि साखरेची खळ शिजवून घालायची, दर थोड्या दिवसांनी ताज्या बाटलीत हलवायचं, आणि नरांचे आणि माद्यांचे जननअवयव काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. दुसऱ्याच सुट्टीत मायनं विचारलं, "काय काम करतीस?" मी म्हटलं, "माश्या पाळते." माय म्हणाली, "त्यासाठी हैदराबादला कामून जावं लागलं? आपल्या गोठ्यात कमी हाईत का?"

मी खरं काय करते ते तिला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते. शरीरातल्या प्रत्येक पेशीत सगळ्या सूचनांचं पुस्तक तेच असतं. डोळ्याच्या पेशीत तेच, काळजाच्या पेशीत तेच. फरक एवढाच की कोणत्या पेशीनं कोणतं पान कधी उघडायचं. पुस्तक जागचं हलत नाही. लागेल त्या पानाची चिठ्ठी उतरवून घेतात आणि चिठ्ठीवरून काम चालतं. आता शुक्राणूची अडचण बघा. त्याला प्रवास करायचा, म्हणजे सामान आटोपशीर हवं. म्हणून शेवटी सगळं पुस्तक इतकं घट्ट आवळलं जातं की एक पानही उघडत नाही. पण शेपूट वाढवायची, डोकं निमुळतं करायचं, ही कामं तर शिल्लकच असतात. मग पेशी काय करते, की ही बांधाबांध व्हायच्या आधीच पुढं लागणाऱ्या चिठ्ठ्या लिहून ठेवते. त्या चिठ्ठ्यांवर प्रथिनं बसून राहतात आणि वेळ येईपर्यंत कुणाला वाचू देत नाहीत. ज्या चिठ्ठीचा दिवस उगवला तेवढीच सुटते. उंदरांमध्ये असं दिसलं आहे की पुस्तक आवळणारं प्रथिन वेळेआधी तयार झालं तर सगळं भलत्या वेळी आवळलं जातं आणि शुक्राणू अर्धवट राहतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ग्रंथालयात मोठ्यानं हसले आणि ग्रंथपालांनी चष्म्यावरून बघितलं. आमच्या मायनं हेच सांगितलं होतं, आणि मी ते पहिल्या रविवारी मोडलं होतं.

स्त्रीबीजाचा स्वभाव निराळा. ते सामान कमी करत नाही, भरत राहतं. मुलगी तिच्या आईच्या पोटात असतानाच तिची बीजं घडू लागतात, अर्ध्या वाटेवर येऊन थांबतात, आणि वर्षानुवर्षं थांबून राहतात. गर्भ राहिला की पहिले काही दिवस सगळा कारभार आईनं भरून ठेवलेल्या चिठ्ठ्यांवर चालतो. बाळाची स्वतःची पानं मागून उघडतात. यात काय कधी उघडतं आणि कोण दाबून धरतं, हे शोधायला लोक आयुष्य घालवतात. त्यातली मी एक.

हे घरी कसं सांगणार? शुक्राणू हा शब्द मी हैदराबादेत दिवसातून शंभर वेळा उच्चारते, भर सभेत, पडद्यावर चित्र दाखवून. गाडी देगलूरच्या पुढं आली की तो शब्द घशात अडकतो. गावात मी माश्यावाली. लोक मला डासांवरचा उपाय विचारत आणि मी तोही सांगत असे.

गंमत म्हणजे शुक्राणू मी पहिल्यांदा बघितले ते हैदराबादेत नाही, मुखेडात, अकराव्या वर्षी. अण्णांनी तेव्हा राजा नावाचा वळू पाळला होता. तांबडाबुंद, काळेभोर डोळे, जत्रेत नंबर काढलेला. लोक दुरून गाई आणू लागले. आणि एकामागून एक तीन गाई उलटल्या. उलटणं म्हणजे वळू दाखवूनही गाभण न राहता तीन आठवड्यांनी परत माजावर येणं. तिसऱ्या गाईचा मालक म्हणाला, "माझी गायच वांझ दिसतीया, इकून टाकतो." अण्णा त्याच्यावर उखडले. "गाईला बोल लावू नगंस. तीन गाई उलटल्या की पयलं वळू बगायचा असतो." आणि स्वतःच्या लाडक्या वळूला घेऊन ते जनावरांच्या दवाखान्यात गेले. मी मागं लागून गेले होते. डॉक्टर दिलदार होते, त्यांनी मला स्टुलावर चढवून काचेतून बघू दिलं. आधी दुसऱ्या वळूचा नमुना दाखवला. वारूळ फुटल्यासारखी नुसती वळवळ. मग राजाचा. तिथं काही हलत नव्हतं. हलायला काही नव्हतंच. एवढा देखणा वळू आणि आत शुकशुकाट, याचं मला इतकं नवल वाटलं की मी त्या स्टुलावरून उतरायला तयार होईना. खरं सांगायचं तर अजून उतरलेली नाही.

अण्णांनी त्यानंतर राजा एकाही गाईला दाखवला नाही, पण विकलाही नाही. कुणी खवचटपणे विचारलं तर म्हणत, "त्याच्यात त्याचा काय कसूर?" तो आमच्या गोठ्यातच म्हातारा झाला.

आता वैनीबद्दल. ही आठवण लिहायला बसले ती तिच्यासाठीच, बाकीचं बोलण्याच्या ओघात आलं. सुरेखावैनी उदगीरकडची. घरात कन्नड बोलणारी माणसं, त्यामुळे तिच्या मराठीत मधेच कन्नड येतं. काहीही बिघडलं, दूध नासलं, पाऊस हुकला, कुणी टोचून बोललं, की ती म्हणते, "होगली बिडु," म्हणजे जाऊ दे, सोड. मी सुट्टीत आले की माझ्या केसांना तेल लावता लावता शेजारच्या बायकांच्या नकला करून मला हसवून मारणारी ती. दादाचं लग्न झालं, आणि एक, दोन, तीन करत सात वर्षं गेली, मूल झालं नाही.

धर्माबादला मायची थोरली बहीण असते, आमची मावशी. मनानं वाईट नाही, पण तिच्या अंगात उत्साह फार. तिनं वैनीला नवसाच्या जागा अनवाणी फिरवल्या, सोमवार झाले, गुरुवार झाले, कुठल्या झाडाच्या सालीचा काढा झाला. दवाखान्यातही नेलं, तेही एकटीला. डॉक्टर म्हणाले, बाईंचं सगळं ठीक दिसतं, आता नवऱ्याला आणा. ती चिठ्ठी घरी आली आणि फडताळात गेली. दादानं ती उघडून बघितली नाही. हळूहळू वैनी ओटी भरायच्या वेळी स्वयंपाकघरात दिसू लागली. कुणी नको म्हणायच्या आधी तीच काहीतरी काम काढून आत जायची. आणि एका उन्हाळ्यात तिचा मला फोन आला. हसत हसतच म्हणाली, "मावशीनं पोरगी बगितली हाय. तुमच्या दादासाठी. दसऱ्यापतुर माझं काय झालं तर ठीक, न्हाई तर मी उदगीरला." कायद्यात हे बसत नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "कायदा मुखेडला येतोय का आक्का?"

मी रजा टाकून निघाले. सगळ्या प्रवासात वाक्यं जुळवत होते. दादाशी बोलावं, तर तो थोरला भाऊ, त्याच्याशी मी कधी त्याच्या चपलेबद्दलही बोलले नव्हते. मायशी बोलावं, तर ती रडेल. माझ्याकडे सगळं ज्ञान होतं आणि एक धड वाक्य नव्हतं.

सकाळी अण्णा गोठ्यात वळूला खरारा करत होते. आता दुसरा वळू होता, राजा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी जवळ जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं म्हटलं, "अण्णा, राजा आठवतो का?"

"न आठवायला काय झालं? त्याच्यासारखा देखना पुन्ना झाला न्हाई."

"किती गाई उलटल्यावर तुम्ही डॉक्टरकडं गेलात?"

"तीन."

"आणि घरात सात वर्षं झाली."

खरारा थांबला. अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. वळूच्या पाठीवर हात तसाच ठेवून उभे राहिले, आणि त्यांच्या मानेवर लाली चढत गेली ती मला दिसली. मला वाटलं, आता ओरडतील, म्हणतील काय बोलायलीस तू बापासमोर. पण ते म्हणाले, "मला हे कामून सुचलं न्हाई?" मग पुन्हा, स्वतःशीच, "गुरांत एवढी हयात गेली, आन् मला सुचलं न्हाई." त्यांचा आवाज फाटला. अण्णांना रडताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही नीट पाहिलं नाही, गोठ्याबाहेर निघून आले.

दुपारी जेवताना ते दादाला म्हणाले, "उद्या लातूरला जायचं. दवाखान्यात. मी येतो संगं." दादानं घास खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं, आणि त्याला सगळं कळलं. पुढचे दोन महिने तो माझ्याशी बोलला नाही. पण लातूरला गेला. अण्णा बरोबर होते म्हणून गेला, एरवी त्याला बैलगाडीला बांधूनही कुणी नेलं नसतं. मावशीलाही अण्णांनी एका ओळीत गप्प केलं, की पोरगी बघायचं आता बंद. का, ते सांगितलं नाही.

पुढच्या तपासण्या झाल्या आणि एका दुपारी दादाचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "डॉक्टर म्हनले, पेशी तयार व्हायला सुरू होत्यात, आन् मधीच थांबत्यात. पुढं जातच न्हाईत. हे काय असतं?" मी त्या वेळी सूक्ष्मदर्शकासमोर बसले होते. समोर काचेवर नेमका तसाच नर होता. काही माश्यांमध्ये पुढची पानं उघडणारं एखादं जनुक बिघडलेलं असतं. अवयव पेशींनी गच्च भरलेला, सगळ्या एकाच वयाच्या, एकाच पायरीवर उभ्या, आणि शेपटीचा शुक्राणू एकही नाही. अशा काचा मी हजारांनी बघितल्या असतील. चित्र सुबक असतं, आम्ही ते भिंतीवर लावतो. त्या दिवशी मात्र मला त्या काचेकडे बघवेना. भावाचं कारण नेमकं कुठलं ते मला ठाऊक नव्हतं, डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं, पण थांबणं कसं असतं ते मी ओळखत होते.

मी त्याला जमेल तसं सांगितलं. पुस्तक, पानं, चिठ्ठ्या. तो मधेच म्हणाला, "म्या काय खाल्ल्यापिल्ल्यानं झालं का?" मी म्हटलं, "नाही." "कुनाच्या शापानं, नजरेनं?" "नाही दादा. जन्मापासून तसंच असेल."  मग म्हणाला, "म्हंजे हिच्यामुळं न्हाई." मी म्हटलं, "नाही."  फोन ठेवताना तो म्हणाला, "कुनाला सांगू नकोस." मी शब्द दिला.

वैनीला त्यानं त्याच दिवशी सांगितलं. मी तिला म्हटलं, आता तरी तू गप्प का बसतेस, सगळ्यांना कळू दे ना. ती म्हणाली, "मला कळलं, त्यांना कळलं, बास झालं. लोकांत त्यांची इज्जत गेली तर मला काय मिळनार हाय? होगली बिडु." मला तिचा राग आला, खरंच आला. घरात चौघांना खरं माहीत होतं, आणि ओटी भरायच्या वेळी ती अजून स्वयंपाकघरातच जात होती. मायलाही कुणी सांगितलं नव्हतं. शब्द माझा मीच गिळून बसले होते.

त्यानंतर वर्षानं मला मुलगी झाली. माझा नवरा श्रीनिवास तेलुगू, त्याच्या आईची इच्छा होती की बाळंतपण हैदराबादला व्हावं आणि झालंही, पण बारसं मायनं मुखेडला ओढून आणलं. अंगणात मांडव, नाती, शेजारपाजार, कुरडया तळल्याचा वास, आमच्या सासूबाई आणि माय एकमेकींची भाषा न कळताही खळखळून हसत होत्या. पाळणा मामाचा, तो दादानं आणला होता. ओसरीच्या आढ्याला त्यानंच टांगला आणि दोर ओढून ओढून बघत तिथंच उभा राहिला, बायकांच्या गर्दीत एकटा पुरुष.

बाळाला पाळण्याच्या वरून खालून द्यायचं-घ्यायचं असतं, दोन बाजूंना दोघी उभ्या राहून. एका बाजूला माय बाळ घेऊन उभी राहिली. समोर कोण, म्हणून तिनं मान वर केली, आणि वैनी जवळच होती, सहज म्हणाली, "सुरेखा, उभी ऱ्हा गं."

मावशी लगेच पुढं झाली. "सुरेखा नगं. लेकुरवाळी बाई घ्यावी. शुभ काम हाय, बारकीला काय झालं-बिलं तर?"

सगळा मांडव ऐकत होता. वैनी हसली, मला ते हसू चांगलं माहीत आहे, आणि दोन पावलं मागं सरून दाराला टेकली. मायचे हात बाळासकट हवेत राहिले. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. पण मी शब्द दिला होता, आणि ती गोष्ट माझी नव्हती. मी दादाकडे बघितलं.

त्यानं दोर सोडला नव्हता. पाळण्याकडे बघतच तो बोलला, पण आवाज खाली केला नाही. "मावशी, दवाखान्यात दोघांची तपासनी झाली हाय. हिच्यात काय बी कमी न्हाई. माझ्यात हाय. मला लेकरू होत न्हाई. वर्स झालं मला ठाऊक हाय आन् म्या बोललो न्हाई, ते माझं चुकलं. आता घेऊ द्या तिला लेकरू."

 मायनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग कितीतरी वेळ वैनीकडे. मायच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. "ये गं बाई," ती म्हणाली, "माझ्या म्होरं ये. हात पुढं कर." वैनी आली. तिनं माझ्या लेकीला असं काही घट्ट घेतलं की बाळाच्या श्वासाची काळजी वाटावी. एकदा वरून, एकदा खालून. मांडवातल्या बायका नेहमीपेक्षा जरा जोरातच गाऊ लागल्या. मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या अण्णांनी दादाच्या पाठीवर हात ठेवला, तसाच, जसा जनावराच्या पाठीवर ठेवतात, आणि बराच वेळ काढला नाही.

मावशी पाटावर बसून राहिली होती. पंगत बसायच्या सुमारास ती उठली, दादाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, "मंग आदीच सांगाया काय झालतं रे? म्या त्या पोरीला कुठं कुठं अनवानी फिरवली!" आणि तिला इतकं रडू आलं की तिची समजूत घालायला वैनीलाच जावं लागलं. दादा-वैनीनं दत्तक घेण्यासाठी नाव घातलं आहे. रांग लांब आहे. मावशीला घाई झाली आहे, ती महिन्याला फोन करून विचारते, नंबर कुठवर आला.

मला हैदराबादेत विचारतात, घर कुठं, आणि मी पूर्वी नुसतं "मुखेड" म्हणायचे, नकाशावर बोट ठेवावं तसं. आपण बाहेर गेलो, शिकलो, आणि घर मागं जसंच्या तसं राहिलं, असं काहीतरी मला वाटायचं. तुमच्यातल्याही पुष्कळांना वाटत असेल. पण जे वाक्य मला माझ्या सगळ्या शिक्षणानिशी त्या अंगणात बोलता आलं नाही, ते तिथंच राहिलेल्या माझ्या भावानं बोलून दाखवलं, आणि अर्ध्या तासात लोक त्याच अंगणात जेवायला बसले. आता घर म्हटलं की मला तीच दुपार दिसते. पंगतीच्या मधोमध वैनी बसलेली, मांडीवर माझी लेक. लेक भुकेनं चुळबुळ करायला लागली होती, माझं पोलकं दुधानं भिजलं होतं, आणि वैनी तिच्याकडे बघत म्हणत होती, "थांब गं, आनिक जरा." मी लेक मागायला गेले नाही.